नातवंडाची शाळा : लोकांची मते आणि मुलाची प्रकृती

वाचकहो, जून महिना जवळ आला की रक्तदाब मोजून घेण्यासाठी दवाखान्यात येणारी ज्येष्ठ मंडळी औषधांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारतात. ‘‘डॉक्टर, नातू पाचवी झाला. आता सहावीला इथल्याच शाळेत ठेवावा, की काढावा?’’ इथली शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवीपर्यंतचे वर्ग असलेली शाळा. मुलाचे आईवडील नोकरीनिमित्त पुण्यामुंबईकडे असतात. ते फोनवरून मत देतात. सकाळी डबा भरणे, शाळेत पोचवणे, सह्या करणे आणि ताप आला तर दवाखान्यात आणणे ही सारी कामे मात्र घरातील आजी-आजोबांकडे असतात. म्हणून हा प्रश्न मला कधीच अवांतर वाटत नाही.

अकरा ते चौदा हे वय वाढीचे आहे. याच काळात उंची झपाट्याने वाढते, भूक वाढते, मुलींची पाळी सुरू होते, मुलांचा आवाज फुटतो, चष्मा लागतो आणि मन हळवे होते. या वयातले मूल दिवसाचे पाच-सहा तास शाळेत काढते. तिथे ते काय खाते, पाणी पिते की नाही, कोणाला घाबरते आणि कोणाच्या शब्दाने उमेद धरते, याचा परिणाम शरीरावर होतोच. हा परिणाम कसा ओळखावा आणि शाळेविषयी कानांवर येणाऱ्या उलटसुलट मतांचे काय करावे, याविषयी गेल्या सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात मला जे दिसले ते आपल्यापुढे ठेवते.

एकाच शाळेविषयी इतकी मते

माझ्या दवाखान्याच्या बाकावर एकाच शाळेतील मुलांचे पालक शेजारी शेजारी बसतात आणि दोन वेगळ्या शाळांविषयी बोलावे तसे बोलतात. एक आई म्हणते, ‘‘बाई फार जीव लावून शिकवतात. आमची मुलगी आता धडाधड वाचते.’’ दुसरी म्हणते, ‘‘शिक्षक असतात कुठे? कधी निवडणुकीचे काम, कधी माहिती भरायची.’’ एका वडिलांना इंग्रजी कच्चे राहील ही धास्ती असते. शेतमजुरी करणाऱ्या बाईला दुपारचा गरम भात हाच मोठा आधार वाटतो. एक आजोबा सांगतात, ‘‘माझा मुलगा याच शाळेत शिकला आणि इंजिनिअर झाला.’’ तो मुलगा शाळा सोडून पंचवीस वर्षे झाली, हे ते सांगत नाहीत.

मुलांची मते आणखी निराळी असतात. त्यांना इंग्रजी-मराठी माध्यमाची फारशी चिंता नसते. मैदान मोठे आहे, गणिताचे सर रागावत नाहीत, खिचडीत कधीकधी खडा लागतो, स्वच्छतागृहाला वास येतो, आठवीतली मुले ढकलतात, अशी त्यांची यादी असते. ही यादी आपण बालिश समजून सोडून देतो. माझ्या अनुभवात तपासण्याजोगी माहिती याच यादीत अधिक असते.

या साऱ्यांपैकी कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येकाने शाळेचा एकेक कोपरा पाहिलेला असतो. एका वर्गाला चांगली शिक्षिका लाभते, शेजारच्या वर्गाची जागा सहा महिने रिकामी राहते. म्हणून कोणी शाळेची स्तुती किंवा निंदा केली, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. हा अनुभव कोणत्या वर्गातला? कोणत्या वर्षातला? स्वतः पाहिलेला, की कोणाकडून ऐकलेला? या तीन चाळण्यांतून गेल्यावर दहांपैकी दोन-तीनच मते हाती उरतात. त्यांच्याकडे मात्र नीट लक्ष द्यावे.

आपल्या काळाची फूटपट्टी

ज्येष्ठांच्या मनात स्वतःच्या शाळेचे चित्र पक्के असते. काहींना सातवीची व्हर्नाक्युलर फायनल आठवते. ती परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस गावात शिकलेला समजला जाई आणि प्राथमिक शाळेत शिक्षकही होऊ शके. सार्वजनिक शाळेची महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिले अक्षर या परंपरेमुळेच आले. तिच्याविषयी जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. मात्र त्या जिव्हाळ्यापोटी आजच्या शाळेतील उणिवांकडे काणाडोळा करू नये. ‘आता सगळेच बिघडले’ असे म्हणून चांगल्या शाळेला नावे ठेवणेही तितकेच अनुचित.

एका बाबतीत तर जुनी फूटपट्टी बाजूलाच ठेवली पाहिजे. ‘‘आम्हीही छड्या खाल्ल्या, काय बिघडले?’’ असे अनेक आजोबा हसत म्हणतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. वर्गासमोर अपमान करणे हाही छळच. अशा भीतीखाली असलेली मुले अंथरूण ओले करू लागतात, नखे खातात, सकाळी ओकाऱ्या काढतात, जेवण टाकतात. मुलाने घरी येऊन मार बसल्याचे सांगितले, तर ‘तूच काहीतरी केले असशील’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. एकदा हे ऐकले, की पुढच्या वेळी मूल सांगत नाही.

एकदा शाळेत जाऊन या

ऐकीव मतांवर उत्तम उतारा म्हणजे स्वतः पाहणे. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मधल्या सुट्टीच्या सुमारास शाळेत जावे. त्या अर्ध्या तासात शाळेची प्रकृती कळते. सकाळी परिपाठाच्या वेळी सर्व काही शिस्तीत असते; खरी स्थिती मधल्या सुट्टीत दिसते.

पिण्याचे पाणी कोठे साठवले आहे, टाकी झाकलेली आहे का, मुले ओंजळीने पितात की ग्लास आहेत, हे पाहावे. जेवणापूर्वी हात धुण्यासाठी नळ व साबण आहे का? मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगळी आहेत का, त्यांत पाणी येते का, दाराला आतून कडी आहे का? खिचडी शिजते ती जागा झाकलेली व स्वच्छ आहे का? शिळ्या भांड्यांवर माश्या आहेत का? मुले खेळताना कोणी मोठे माणूस लक्ष ठेवून असते का? मुले शिक्षकांजवळ जातात, की त्यांना पाहून पांगतात?

वर सांगितलेल्या अधिनियमाच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेसाठी सुरक्षित पिण्याचे पाणी, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, मैदान, कुंपण आणि आहार शिजवण्यासाठी जागा या गोष्टी आवश्यक म्हणून नोंदलेल्या आहेत. सहावी ते आठवीसाठी दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक असावा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असेही त्यात म्हटले आहे. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. तेव्हा या गोष्टींविषयी विचारणा करताना संकोच नको. आपण मेहेरबानी मागत नसतो.

पाणी न पिणारी मुले

येथे थोडे थांबून एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती फार घरांत घडते आणि फार थोड्या घरांत कळते.

सातवीतल्या एका मुलीला तिची आजी चार महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्याकडे घेऊन आली. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, मधूनच ताप. प्रत्येक वेळी तपासणीत जंतुसंसर्ग निघे, औषधाने बरा होई आणि पुन्हा उलटे. आजीचे मत पक्के होते. ‘‘त्या शाळेचे पाणीच वाईट. मी तिला काढणार.’’ मुलगी मान खाली घालून रडू लागली. तिला शाळा सोडायची नव्हती. तिच्या वर्गशिक्षिका तिला शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर थांबून शिकवत होत्या.

आजींना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी मुलीला विचारले, ‘‘बाळ, शाळेत तू किती वेळा लघवीला जातेस?’’ ती म्हणाली, ‘‘जातच नाही. दाराची कडी तुटली आहे. मुले बाहेरून दार ढकलतात. म्हणून मी पाणीच पीत नाही.’’ सकाळी साडेनऊला घर सोडलेली मुलगी संध्याकाळी साडेपाचपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती आणि लघवी तुंबवून धरत होती.

लघवी तासन् तास रोखून धरली की मूत्राशयात जंतूंना वाढायला अवधी मिळतो. पाणी कमी प्याल्याने लघवी दाट होते, बद्धकोष्ठ होतो आणि बद्धकोष्ठामुळे मूत्राशय नीट रिकामे होत नाही. असे हे चक्र सुरू राहते. दुपारची डोकेदुखी, थकवा, अभ्यासात लक्ष न लागणे हेही पुष्कळदा कमी पाण्यामुळे असते. औषध देऊन संसर्ग बरा होतो, पण तुटलेली कडी तशीच राहिली तर तो परत येतो.

आजी मुख्याध्यापकांना भेटल्या. तोवर त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते, कारण मुलींना सांगायची लाज वाटत होती. कडी बसली, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाकडे एक शिक्षिका लक्ष ठेवू लागल्या. मुलगी त्याच शाळेत राहिली. मी तिला घरून पाण्याची बाटली न्यायला आणि शाळेत किमान दोनदा लघवीला जायला सांगितले. पुढच्या वर्षभरात ती या तक्रारीसाठी माझ्याकडे आली नाही.

या मुलीचे शाळेविषयीचे मत विचारले असते, तर तिने काय सांगितले असते? बाई फार चांगल्या आणि स्वच्छतागृह फार वाईट. दोन्ही खरे होते. मोठ्यांनी त्यातले एकच ऐकले असते, तर एक तर तिचे दुखणे चालू राहिले असते किंवा तिची शिक्षिका सुटली असती.

आपल्या घरी एक साधी खूण पाहा. मूल शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून धावत स्वच्छतागृहात जात असेल आणि पाण्याची बाटली भरलेली परत येत असेल, तर त्याला निवांतपणे विचारा. पाळी सुरू झालेल्या मुलींच्या बाबतीत तर अधिकच. पाळीच्या दिवसांत मुलगी शाळा बुडवत असेल, तर पॅड बदलायला जागा आहे का, वापरलेले पॅड टाकायची सोय आहे का, हे आजीने नातीला विचारावे. या प्रश्नाला आई दूर असताना आजीइतके जवळचे माणूस दुसरे नसते.

सोमवारची पोटदुखी

दुसरी वारंवार येणारी तक्रार म्हणजे सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखणे. रविवारी दुखत नाही, सुट्टीत दुखत नाही, सोमवारी सकाळी मात्र मूल कळवळते आणि अकरा वाजता खेळू लागते. घरातले म्हणतात, नाटक करते. वाचकहो, बहुतेक वेळा हे नाटक नसते. मनावरचा ताण आतड्यांच्या हालचालींवर परिणाम करतो आणि मुलाला खरोखर दुखते. ही वेदना साधारणतः बेंबीभोवती असते आणि थोड्या वेळाने ओसरते.

तरीही प्रत्येक पोटदुखी मनाची समजू नये. वेदना एकाच बाजूला, विशेषतः उजवीकडे खाली असेल. रात्री झोपेतून उठवत असेल. सोबत ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, लघवीला जळजळ किंवा वजन घटणे असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यास विलंब करू नये. मुलग्याने वृषणात अचानक दुखत असल्याचे सांगितले, तर ती तातडीची बाब आहे; त्याच तासाला रुग्णालय गाठावे. मुलगे हे सांगायला लाजतात आणि ‘पोट दुखते’ एवढेच म्हणतात, हेही ध्यानात ठेवावे.

तपासणीत काही न निघाल्यास शाळेकडे वळावे. प्रश्न मोघम नको. ‘शाळा कशी आहे?’ असे विचारले की ‘बरी’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा : आज डबा कोणाबरोबर खाल्लास? कोणता तास लवकर संपावा असे वाटते? वाटेत कोण भेटते? वर्गात कोणाला सगळे चिडवतात? समोर बसवून चौकशी करू नये. शेंगा सोलताना, अंगणात पाणी घालताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर मुले आपोआप बोलतात. आपण मधे सल्ला न देता ऐकावे.

मूल घरी राहू दिल्याने ताण तात्पुरता उतरतो, पण दुसऱ्या दिवशी शाळा अधिक अवघड वाटते. म्हणून गंभीर आजार नसेल, तर शाळा सुरू ठेवून कारण शोधणे हितकारक. छळ, मारहाण किंवा लैंगिक गैरवर्तनाचा संशय असल्यास मात्र मुलाला त्या व्यक्तीच्या आवाक्यात पुन्हा पाठवू नये. अशा वेळी १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर मदत मागता येते. मुलाच्या मनाच्या अवस्थेविषयी सल्ला हवा असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे.

शाळेतून मिळणाऱ्या आरोग्यसेवा

शाळा बदलण्याच्या चर्चेत एक हिशेब सहसा कोणी मांडत नाही. शासकीय शाळेत मुलाला काही आरोग्यसेवा आपोआप मिळतात. शाळा बदलली तर त्यांतील अनेक गोष्टी आपल्यालाच कराव्या लागतात.

दुपारचा आहार ही त्यांतली पहिली. सहावी ते आठवीच्या मुलासाठी रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाज्या आणि ७.५ ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. प्रत्यक्ष ताटात भाजी व डाळ किती येते, याविषयी पालकांची मते भिन्न असतात आणि ती रास्तही असतात. म्हणूनच अधूनमधून स्वतः चव घेऊन पाहावी. मूल शाळेत जेवते म्हणून घरचे प्रथिनयुक्त अन्न बंद करू नये. उसळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडे हे घरून मिळालेच पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याअंतर्गत शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा वैद्यकीय पथकाकडून तपासणी होते. हृदयाचे दोष, कमी दिसणे, कमी ऐकू येणे, रक्तक्षय, त्वचारोग, वाढीतील अडचणी हे सारे त्यात पाहिले जाते आणि गरजेनुसार पुढील उपचारासाठी पाठवले जाते. पुष्कळदा पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरातच चुरगळून राहते. ती विचारून घ्यावी आणि सांगितलेल्या ठिकाणी मुलाला न्यावे. दूरचे दिसत नसलेल्या शाळकरी मुलांना शासनाच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मेही मिळतात. अनेक ‘ढ’ ठरवलेली मुले केवळ फळा न दिसल्यामुळे मागे पडलेली असतात.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे जंतनाशक दिन. त्या दिवशी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते. सहावीपासून पुढच्या मुलांसाठी तिचा रंग निळा असतो. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये. थोडी मळमळ काही मुलांना होते, तेवढ्यावरून गोळी बंद करू नये. मुलाला सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा आजार असेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दहाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्पाची टीडी लस द्यायची असते, तीही झाली आहे का ते पाहावे.

हे सारे ‘फुकट मिळते म्हणून हलके’ असे समजण्याची रीत आपल्याकडे आहे. गोळीतले लोह सर्वांच्या रक्तात सारखेच उतरते.

दूरची शाळा, झोप आणि दप्तर

शाळा बदलावी असे वाटण्यामागे इंग्रजी हे बहुधा मोठे कारण असते. ती चिंता अनाठायी नाही. पण शाळा दूर गेली की मुलाच्या दिवसाचे काय होते, हेही मांडून पाहावे. गाडी सकाळी पावणेसातला येणार असेल, तर मूल साडेपाचला उठणार. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप आवश्यक असते. रात्री साडेदहाला झोपणाऱ्या मुलाला ती कशी मिळावी? झोप कमी पडली की चिडचिड वाढते, स्मरणशक्ती मंदावते, वजन वाढते. रोज तासभर पळणे-खेळणे या वयाला हवे. प्रवासात गेलेला वेळ सहसा खेळातूनच वजा होतो.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावे, असे २०२० च्या शालेय दप्तर धोरणात म्हटले आहे. पस्तीस किलोच्या मुलासाठी ही मर्यादा साडेतीन किलो. घरच्या वजनकाट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहाच.

आणखी एक व्यावहारिक बाब. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आणि शासकीय, स्थानिक संस्थांच्या किंवा अनुदानित शाळांतील मुलांसाठीच ती आहे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेत गेलेल्या मुलाला ती देता येत नाही. सातवीच्या अखेरीस शाळा बदलणाऱ्यांना हे नंतर कळते.

शाळेत राहूनही बदल घडतो

शाळा सोडणे किंवा मुकाट्याने सोसणे, एवढे दोनच मार्ग आहेत असे अनेकांना वाटते. प्रत्येक शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. मुलाचा ताबा व सांभाळ ज्यांच्याकडे आहे अशा व्यक्तीही पालक म्हणून या व्याख्येत येतात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस असलेल्या आजी-आजोबांनी या समितीच्या कामात लक्ष घातले, तर शाळेला मोठा आधार होतो. तक्रार लेखी करावी, एका वेळी एकच करावी आणि तिच्यात उपायही सुचवावा. ‘शाळा घाणेरडी आहे’ यापेक्षा ‘मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही’ या वाक्याचा परिणाम लवकर होतो. आणि चांगले काम करणाऱ्या शिक्षकांना तसे जाऊन सांगावे. त्यांच्यापर्यंत बहुधा गाऱ्हाणीच पोचतात.

आपली प्रकृतीही सांभाळा

नातवंडांची ने-आण करताना ज्येष्ठांनी स्वतःकडे दुर्लक्ष करू नये. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन न्याहारी न करता शाळेकडे धावणारे आजोबा मी पाहिले आहेत. वाटेत साखर उतरून घाम, थरथर, चक्कर येते. आधी खावे, मग निघावे आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. एप्रिलच्या उन्हात शाळेच्या फाटकाशी ताटकळत उभे राहू नये. टोपी, पाणी आणि सावली हवी. नातवाचे दप्तर आपल्या खांद्यावर घेऊ नये. गुडघे दुखत असतील तर शेजारच्या घराशी पाळी ठरवून घ्यावी. शाळेच्या निर्णयावरून मुलगा-सुनेशी फोनवर वाद होऊन रात्रीची झोप जात असेल, तर तेही रक्तदाबाला मानवत नाही.

निर्णय घेताना

निर्णयासाठी एक दिवस ठरवून घरातील सर्वांनी बोलावे. मुलाचे मत आधी घ्यावे, मोठ्यांचे नंतर. आधी मोठे बोलले तर मूल त्यांचीच री ओढते. कागदाचे दोन भाग करावेत. एकीकडे दुरुस्त होण्याजोग्या अडचणी : कडी, पाणी, दप्तर, एखाद्या विषयाची कमतरता. दुसरीकडे न सुटणाऱ्या : शिक्षकच नाहीत, सांगूनही मारहाण थांबत नाही, मूल महिनोन् महिने खंगत आहे. दुसऱ्या बाजूला एकही ठोस गोष्ट नसेल, तर शेजाऱ्यांनी मुलांना काढले एवढ्यावरून आपण काढू नये. तिथे ठोस गोष्ट असेल, तर परंपरेच्या किंवा खर्चाच्या विचाराने मुलाला तिथे अडकवूनही ठेवू नये.

निर्णय कोणताही असो, पुढच्या तीन महिन्यांत मुलाचे वजन, झोप, भूक आणि सकाळचा चेहरा यांवर नजर ठेवावी. मूल पोटभर जेवत आहे, गाढ झोपत आहे, शाळेतील कोणा एका मोठ्या माणसाचे नाव आपुलकीने घेत आहे आणि घरी येऊन काही ना काही सांगत आहे, तर आपली निवड त्याला मानवली असे समजावे. यांतील दोन-तीन गोष्टी सलग काही आठवडे बिघडलेल्या दिसल्या, तर आपल्या डॉक्टरांना दाखवावे आणि शाळेतही एक फेरी मारून यावी.